बेहडझरीची वाट

बायनाबाईने बोट पदराला पुसलं, खिचडीचा हात म्हणून पुन्हा एकदा पुसलं, आणि मग टॅबच्या काचेवर टेकवलं. टेकवलं ते नाल्याच्या अलीकडे, गावाबाहेर.

“मावशी, घर तर वरच्या अंगाला हाये ना तुमचं,” माधवी म्हणाली. “एकदम तिथीच ठेवा ना बोट.”

“असं कसं म्याडम?” बायनाबाईने मान वर केली नाही. “आभाळातून उतरत असते का कोनी गावात? वाटेनं जा लागते.”

काचेवर वरून घेतलेला फोटो होता. कौलांची तपकिरी दाटी, मधून गेलेली पांढुरकी वाट, एका बाजूला तळ्याचं शेवाळी पाणी. भूगोलाच्या त्या ॲपमध्ये वाट आखायची सोय होती. बोट जाईल तिथे निळी रेघ उमटे, बोट कडेला पोचलं की चित्र आपणहून पुढे सरके, आणि बोट उचललं की रेघ पुसून जाई. बायनाबाईचं बोट उचललं जात नव्हतं. ते नाला उतरलं, पलीकडे चढलं, देवीच्या ठाण्यापाशी थांबलं, ठाण्यावरून न जाता उजव्या अंगाने वळसा घालून गल्लीत शिरलं.

“सरळ जा ना मावशी, जवळ पडते,” पाचवीतली पुनम तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाली.

“सरळ रुखमाबाईचं घर हाये. भिताडातून जाऊ?”

पोरं हसली. माधवीलाही हसू आलं. रेघ गल्लीगल्लीने वळत गावामागे निघाली आणि शेताच्या धुऱ्यावरच्या एका मोहाच्या झाडाशी येऊन थांबली. करंगळीच्या नखाएवढी सावली होती त्या झाडाची. बायनाबाई त्या सावलीत बोट ठेवून बसून राहिली. पोरांच्या जेवणाची डाळ चुलीवर उतू गेल्याचा वास आला, तेव्हा कुठे ती उठली.

बेहडझरी आता कुठेच नव्हती. पूर्वी ती रानाच्या पार आत होती, वाघाच्या मुलखात. काही वर्षांपूर्वी गाव उठलं आणि राजुऱ्याकडे जाणाऱ्या सडकेच्या कडेला येऊन बसलं. सरकारी कागदावर त्याचं नाव बेहडझरी, कंसात पुनर्वसित. इथे टिनाची घरं होती, नळ होता, दारात एसटी थांबत होती. कोणाची तक्रार नव्हती. असलीच तर ती तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटताना निघे आणि खर्र्याबरोबरच थुंकली जाई. जुन्या गावाच्या वाटेवर आता फाटक होतं. फाटकातून उघड्या जिप्सीत बसून पाहुणे वाघ बघायला जात. गावचा माणूस कसा जाईल? तो काही पाहुणा नव्हता.

माधवी होती ब्रह्मपुरीची. दोन वर्गखोल्या, एक ओसरी आणि तिच्यासकट दोन शिक्षक, एवढ्या त्या शाळेत ती मन लावून शिकवत होती. पंचायत समितीतून शाळेला वापरून बघायला दोन टॅब आले होते. कोणता हवा ते शाळेने सांगायचं, मग तोच प्रत्येक पोराला मिळणार आणि दुसरा परत जाणार. एक होता पातळ, चुणचुणीत, बोट लावायच्या आत उघडणारा. दुसरा जाड, रबरी कडांचा, जेवून बसलेल्या बैलासारखा. हाक मारली तरी आधी रवंथ पुरा करणार. माधवीचा निर्णय पहिल्याच दिवशी झाला होता. पातळ टॅबमध्ये धडा आपणहून वाचला जायचा आणि वाचला जाणारा शब्द पिवळा होत पुढे पळायचा. इसरू नावाचा चौथीतला पोरगा, जो अक्षराला अक्षर जोडताना घामाघूम व्हायचा, तो त्या पिवळ्या शब्दामागे धावता धावता एक दिवस टॅबच्या पुढे निघून गेला होता. माधवीने तेव्हा खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले होते. एवढ्यासाठीच तर माणूस मास्तरकी करतं.

आणि मग त्याच इसरूने जाड्या टॅबमध्ये जुनं गाव शोधून काढलं.

भूगोलाचं ॲप दोन्हीत एकच होतं, पण आतले फोटो निरनिराळ्या सालचे. जाड्या टॅबमधला फोटो गाव उठायच्या आधीचा. शाळा समितीचा अध्यक्ष देवाजी ओसरीत बसला होता, त्याने तळ्याचा आकार बघितला आणि चपला न घालताच गावात सांगायला धावला. तेव्हापासून शाळेची ओसरी ओस म्हणून पडली नाही. कापूस वेचून मोकळी झालेली माणसं दुपारी येत, भिंतीला टेकत आणि आपापल्या घरी जाऊन येत. कोणी आपला गोठा बघे, कोणी तळ्याच्या पाळीवर नुसतं बोट ठेवून डोळे मिटे. फाल्गुनातलं ऊन ओसरीच्या कडेवर डुलक्या घेत असे, सागाचं वाळलेलं पान घरंगळत यावं तसे शब्द मधूनच कोणाच्या तोंडून येत, आणि माधवीला वाटे, आपण वर्ग घेत नाही आहोत, कोणाच्या तरी झोपेची राखण करतो आहोत.

पातळ टॅबमध्ये त्याच जागी कुरण होतं. घरं मोडून गवत पेरलेलं, हरणांसाठी. देवाजीने ते एकदा बघितलं, टॅब पालथा ठेवला आणि माधवीला बाजूला घेतलं.

“म्याडम, हे बायनाबाईले दाखवू नका.”

“काऊन भाऊ?”

देवाजी एरवी फिरक्या घेणारा माणूस. पण त्या दिवशी त्याने आधी खांबाला टेकून पाय पसरले, आणि मग गाव उठलं त्या दिवसाची गोष्ट सांगितली. ट्रक आले, तेव्हा प्रत्येक घराने आधी आपापल्या मेलेल्या माणसांच्या जागी जाऊन मूठभर माती फडक्यात बांधली होती. माती उचलताना नाव घेऊन हाक मारायची, चाला, बिऱ्हाड हाललं म्हणून सांगायचं, आणि मग थेट नव्या घराच्या अंगणात आणून सोडायचं.

“मेलेलं माणूस भोळं असते, म्याडम,” देवाजी म्हणाला. “आपन सांगतल्याबिगर त्याले कळत नाई का घर हाललं म्हून. थो तिथीच बसते, आज येतीन, उद्या येतीन करत.”

“मंग बायनामावशी?”

“थे तवा तुमच्या ब्रह्मपुरीले होती. लेकीच्या बाळंतपनाले. पानी येईन म्हून ट्रक आधीच आले. आमी तिचं सगळं आनलं. मुसळ आनलं, कोंबडे आनले, दाराची चौकट काढून आनली.” देवाजीने पाय जवळ घेतले. “चैतूले कोन आनन?”

चैतू बायनाबाईचा पहिला मुलगा. चैतात झाला म्हणून चैतू. पावलं टाकायला लागला आणि तापाने गेला. एवढ्या लहान पोराला जाळत नाहीत, त्याला मोहाखाली पुरलं होतं. आणि असं पोर आईच्याच हाकेला उठतं, दुसऱ्या कोणाच्या नाही. बायनाबाई नंतर फाटकापर्यंत जाऊन आली होती. फाटकावरच्या पोरांनी तिला पाणी दिलं, सावलीत बसवलं आणि पुढच्या गाडीने परत पाठवलं.

माधवीला आता त्या नखाएवढ्या सावलीचा अर्थ कळला होता, आणि कळून काही उपयोग नव्हता.

त्यानंतर जाड्या टॅबचे गुण गावात वाढायला लागले. तो अडकून पडे तेव्हा देवाजी म्हणे, “हळू चालते म्हून तर पोराईले समजते.” त्याची बॅटरी शाळा सुटायच्या आत जाई, तर कोणी म्हणे, बरं झालं, पोट्टे उगाच घरी नेऊन खेळत बसनार नाईत. त्याचं वजनसुद्धा गुणात धरलं गेलं; हलकी वस्तू वाऱ्याने उडते. आपला तो बाब्या म्हणतात, ते असं. माधवी ऐकून हसे, आणि घरी जाताना एसटीच्या खिडकीशी बसून तिला इसरूचा तो पळणारा पिवळा शब्द आठवे.

एका दुपारी भांडी घासून झाल्यावर बायनाबाई पुन्हा टॅबपाशी बसली. या वेळी बोट उलट निघालं. मोहापासून गल्लीत, गल्लीतून ठाण्याला वळसा, नाला, गाडीवाट, मग जंगलातून निघणारी सडक. टॅब मधूनच थिजून जाई. मग बायनाबाईही थांबे, बोट न उचलता, रस्त्यात कोणाची वाट बघत उभं राहावं तशी. सडक रानाबाहेर पडली आणि एका ठिकाणी बोट घुटमळलं.

“म्याडम, आपलं हे गाव कुठी हाये याच्यात?”

“याच्यात नाई मावशी. जुना फोटो हाये हा. तेव्हा इथी नुसती झुडपं होती.”

“म्हंजे आपलं घर नाई?”

“नाई ना.”

बायनाबाईने बराच वेळ त्या झुडपांकडे बघितलं. मग बोट उचललं. रेघ पुसली गेली.

“बरं,” ती म्हणाली आणि चुलीतली राख काढायला गेली. माधवीला वाटलं, म्हातारीचे डोळे दुखले असतील.

शनिवारी सकाळची शाळा. पोरं जेवायला बसली आणि समिती ओसरीत जमली. देवाजीने एकच वाक्य म्हटलं, “जाडाच ठेवा, म्याडम,” आणि खाली मान घातली. बाकीच्यांनीही माना घातल्या. इसरूचा बाप तेवढा बोलला, की आमचं पोट्टं थ्या दुसऱ्यात वाचाले शिकून राह्यलं होतं. पण बोलता बोलता त्याची नजर चुलीकडे गेली, तिथे बायनाबाई पाठमोरी बसून वाढत होती, आणि त्याने वाक्य तिथेच सोडलं. सगळे माधवीकडे बघत राहिले.

“जाडाच ठेवू,” माधवी म्हणाली.

म्हणाल्यावर तिला हलकं वाटलं आणि त्याच श्वासात चोरी केल्यासारखंही वाटलं. पोरांच्या पानातलं काढून तिने म्हातारीच्या पानात घातलं होतं. इसरूला आपण रोज शाळा सुटल्यावर घेऊन बसू, असं तिने मनाशी ठरवलं. ठरवायला काय लागतं!

तेवढ्यात पंचायत समितीतून आदेश नावाचा तरुण टॅब न्यायला आला. जीप शाळेच्या फाटकात उभी करून, इंजिन चालूच ठेवायला ड्रायव्हरला सांगून तो आत आला. त्याला आणखी तीन गावं करायची होती.

“हा?” जाडा टॅब बघून तो म्हणाला. “म्याडम, हा तर कोनत्याच शाळेनं नाई घेतला. एकदा विचार करून घ्या. मंग बदलून भेटनार नाई.”

“झाला विचार करून.”

आदेशने खांदे उडवले. पातळ टॅब खोक्यात घालण्याआधी नीट चालतो का म्हणून त्याने तो उघडला, तशी पोरं हात न धुताच गोळा झाली. टॅब जाणार म्हटल्यावर त्यांना तो शेवटचा बघून घ्यायचा होता.

“सर, आपली शाळा पाहा. हे पाहा, हे आमचं घर,” पुनम म्हणाली. “आनं थे निळ्या टिनाचं दिसते ना, थे बायनामावशीचं.”

ओसरीच्या टोकाला खिचडीच्या गंजातली खरवड काढणारा झारा थांबला. बायनाबाई उठली, हात पुसत आली आणि आदेशच्या समोर येऊन उभी राहिली.

“कुठी हाये निळं टिन?”

पुनमने दाखवलं. बायनाबाईने वाकून बघितलं. अंगणातली तुळससुद्धा टिंबाएवढी दिसत होती.

“याच्यातच जुनं गाव दाखव, बापू.”

देवाजी पुढे झाला. “बायनाबाई, थ्याच्यात नाई आपलं गाव. राहू दे. सायेबाले उशीर होऊन राह्यला.”

“घरं मोडले थे मले माहीत हाये, देवाजीभाऊ,” बायनाबाई शांतपणे म्हणाली. “मी का लहान हावो? दाखव.”

आदेशने माधवीकडे बघितलं. माधवीने टॅब हातात घेतला, ओसरीच्या पायरीवर बसली आणि चित्र रानात नेलं. सगळीकडे पिवळसर गवत होतं. तळं आटून निम्मं झालेलं. गवतात बारीक ठिपके, हरणं असावीत. बायनाबाई शेजारी बसली. तिने बोट पदराला पुसलं आणि नाल्याच्या अलीकडे टेकवलं.

रेघ नाला उतरली, पलीकडे चढली. ठाणं नव्हतं, रेघेने ठाण्याला उजवीकडून वळसा घातला. गल्ली नव्हती, रेघ गल्लीत शिरली. रुखमाबाईचं घर नव्हतं, तरी रेघ त्या घराची भिंत धरून चालली आणि कोपऱ्यावर वळली. मोकळ्या कुरणात निळी गल्ली उभी राहत होती. बोट एका ठिकाणी थोडं थांबलं, जसं कोणाच्या अंगणात बसलेल्या माणसांना वाट विचारावी, आणि पुढे झालं. समितीतली मोठी माणसं एकेक करून पाठीमागे येऊन उभी राहिली. कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, “माहं घर आलं.” मग दुसरं कोणी म्हणालं, “आता माहं.” माधवी त्या गावात कधी गेली नव्हती, पण तिला त्या क्षणी प्रत्येक दार दिसलं.

गल्ली संपली. धुऱ्यावर मोह होता.

झाडाला कोण कशाला मोडेल? होता तिथेच होता, आधीपेक्षा भरलेला, आणि पालवी फुटायच्या दिवसांत फोटो घेतलेला असल्यामुळे तांबूस दिसत होता. बायनाबाई बघत राहिली. तिचे ओठ हलले. माधवी अगदी शेजारी होती म्हणून तिला ऐकू आलं.

“चाल चैतू. बिऱ्हाड हाललं.”

आणि बोट परत फिरलं.

येताना ते जाण्यापेक्षा हळू होतं, पुष्कळ हळू. भिंती धरून, कोपरे वळून, ठाण्यापाशी जरा थांबून, ते नाल्याशी आलं आणि नाल्याच्या उथळ अंगाने पलीकडे गेलं. गाडीवाट आता गवतात बुजली होती, पण रेघेला ती ठाऊक होती. पुढे रान सुरू झालं. जीपचं इंजिन बाहेर धडधडत होतं. पाठीमागे देवाजीने जाडा टॅब उचलला, शर्टाच्या बाहीने त्याची काच पुसली, आणि आदेशच्या खोक्यात ठेवून दिला. समितीतल्या एकानेही हरकत घेतली नाही.

आदेशला यातलं काही कळत नव्हतं. तो भला मुलगा होता. त्याने वाकून म्हटलं, “आजी, रान लय मोठं हाये. मी चित्र लहान करून देतो ना, दोन मिन्टात पोचान घरी.”

“नोको बापू,” बायनाबाई म्हणाली. बोट थांबलं, पण उचललं गेलं नाही. “लहान हाये थो. दमते.”

आदेश सरळ उभा राहिला. त्याने देवाजीकडे बघितलं, देवाजी पायातल्या चपलांकडे बघत होता. माधवीने टॅब हळूच बायनाबाईच्या मांडीवर ठेवला, म्हणजे तिचा हात अवघडू नये, आणि उठून फाटकाकडे गेली. उन्हात जीपचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला होता. तिने त्याला इंजिन बंद करायला सांगितलं.

“काऊन? किती वेळ हाये अजून?”

“पोचू द्या दोघाईले,” माधवी म्हणाली.